आधी एक पंगत उठावी लागते

आमच्या घरात केमोला कोणीच चांगलं म्हणत नाही. केमो म्हणजे विष, केमोने माणूस आतून पोखरतो, अमका कॅन्सरने नाही केमोनेच गेला, हे मी लहानपणापासून लग्नात, बाराव्याला, एसटीत, सगळीकडे ऐकत आलेय. आणि हीच माणसं ‘इम्युनिटी’ म्हटलं की हात जोडतात. कोविडमध्ये तर काढा, गुळवेल, हळदीचं दूध, काय वाट्टेल ते त्या नावावर खपलं. त्यामुळे मामांच्या पोटाच्या कॅन्सरचं कळल्यावर एका सेंटरचं माहितीपत्रक फिरत फिरत आमच्या फॅमिली ग्रुपवर आलं, त्यावर ‘तुमच्याच रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी, केमोसोबत, साइड इफेक्ट शून्य’ असं लिहिलेलं होतं, आणि खाली जी हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली तिचं मला काही नवल वाटलं नाही.

मामा कराडचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. उभी हयात अवेळी जेवण आणि स्टँडवरचा चहा, त्यामुळे पोटात जळजळतंय म्हटल्यावर ती ॲसिडिटीच असणार हे सगळ्यांनी धरून चालवलं, डॉक्टरांनीसुद्धा. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, कित्येक महिने. मग वजन उतरायला लागलं, कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवीन भोकं पाडून झाली, दोन घासात पोट भरायला लागलं, तेव्हा कुठे एंडोस्कोपी. तोवर ते पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेलं आणि पोटात पाणी झालेलं. स्टेज फोर. डॉक्टर बाई स्पष्ट बोलल्या, ऑपरेशनचा आता उपयोग नाही, केमो देऊ, बरं होणार नाही पण वेळ मिळेल आणि तो वेळ जरा बरा जाईल.

कोणी म्हणेल आधी का नाही बघितलं. जपानमध्ये १९८३ पासून सरकारी पातळीवर पोटाच्या कॅन्सरची तपासणी होते, कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी. आपल्याकडे मिझोराम सोडलं तर त्या मानाने हा कॅन्सर कमी, म्हणून सरसकट तपासणी कोणी करत नाही, आणि ज्याला होतो त्याला उशिराच कळतं.

तर केमो. ऑक्सॅलिप्लॅटिन सलाईनमधून तीन आठवड्यांतून एकदा, आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, मग आठवडाभर सुट्टी. महात्मा फुले योजनेत बसली म्हणून खिशाला फार चाट नाही. या ऑक्सॅलिप्लॅटिनची एक विचित्र खोड आहे, गार काही सहन होत नाही. गार वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचतात, गार पाण्याचा घोट घेतला की घसा असा आवळतो की श्वासच बंद पडतोय वाटतं, प्रत्यक्षात श्वासाला काही झालेलं नसतं पण पहिल्यांदा होतं तेव्हा माणूस घाबरतोच. मामांना हे नर्सने सांगितलेलं, पण रात्री उठून सवयीने माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तांब्याच टाकून दिला. त्यानंतर मामींनी फ्रीजच्या दाराला लोकरीचे हातमोजे लटकवून ठेवले. भर मे महिन्यात, कराडच्या त्या उकाड्यात, हा माणूस हातमोजे घालून फ्रीजमधून कोथिंबीर काढून द्यायचा आणि ताक मात्र कोमट करून प्यायचा, त्याचं त्यांना सगळ्यात जास्त दुःख.

आणि ती केमो लागू पडली. पोटातलं पाणी कमी झालं, अर्धी भाकरी जायला लागली, स्कॅनमध्ये गाठी लहान दिसल्या. आता गंमत बघा, ग्रुपवर याचं श्रेय गुळवेलीला गेलं, कुठल्याशा महाराजांच्या अंगाऱ्याला गेलं, मोजे लटकवणाऱ्या मामींना थोडं गेलं. उलटी झाली, रक्तपेशींचे काउंट खाली गेले, तळपायाची कातडी सोलवटली की मात्र नाव केमोचं.

मी ऑडिटमध्ये काम करते. मेडिकलचं मला शाळेच्या विज्ञानापलीकडे काही येत नव्हतं, पण कागद समोर आला की आकडा कुठून आला, कोणाशी ताडून बघितला आणि मधल्या मधे कोण गळलं हे विचारायची खोड आहे. म्हणून त्या सेंटरला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. मी विचारलं, पोटाच्या कॅन्सरच्या किती पेशंटना दिलं, त्यातले किती किती दिवस जगले, आणि नुसती केमो घेतलेल्यांपेक्षा ते किती जास्त. ती म्हणाली मॅडम तुम्हाला व्हिडिओ पाठवते. खरंच पाठवले, तीन-चार माणसं हसून बोलतायत, मागे सोफा. मग बजेट विचारलं. पेशंटचे काउंट विचारले नाहीत, आधी काय केमो झाली तेही नाही. आकडा ऐकून मामेभावाने, म्हणजे दादाने, कालव्याकडच्या अर्ध्या एकराला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. मग मात्र मला वाचत बसावं लागलं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की ‘इम्युनो’ म्हणून आपण जे सगळं एका पोत्यात भरतो त्यात एकमेकांशी फार संबंध नसलेल्या गोष्टी आहेत. एक ते इंजेक्शन, निवोलुमॅब वगैरे, ज्याच्यामागच्या शोधासाठी २०१८ चं नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना मिळालं. त्यात कोणाच्या पेशी काढत नाहीत की वाढवत नाहीत, शरीरातल्या पेशींना कॅन्सरने लावलेला ब्रेक तेवढा सोडवतात. ते केमोसोबत पोटाच्या कॅन्सरला चालतं हे चांगलं सिद्ध झालंय. २०२१ मध्ये छापून आलेल्या चेकमेट ६४९ नावाच्या मोठ्या अभ्यासात १,५८१ पेशंट होते, कोणाला नुसती केमो आणि कोणाला केमो अधिक निवोलुमॅब, कोणाला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. ज्यांच्या गाठीत पीडी-एल-वन नावाचा मार्कर बऱ्यापैकी होता त्यांच्यात नुसत्या केमोने ११.१ महिने, दोन्हीने १४.४. हा मधला आकडा, म्हणजे निम्मे त्याच्याआधी गेले आणि निम्मे त्याच्यापुढे जगले. मामांचा मार्कर अगदीच कमी निघाला, म्हणून डॉक्टर बाईंनी ते सुचवलं नव्हतं. सेंटरच्या पत्रकात मात्र याच नोबेलचा फोटो होता आणि विकत होते ते भलतंच.

ते भलतं म्हणजे सीआयके पेशी. पेशंटचं रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, लॅबमध्ये दोन-तीन आठवडे इंटरल्यूकिन-टू वगैरे पेशींना वाढवणारी प्रोटीनं घालून वाढवायच्या आणि कोट्यवधी झाल्या की परत सलाईनने चढवायच्या. कल्पना थापेबाज नाही. अमेरिकेत डॉक्टर स्टीव्हन रोझेनबर्गनी १९८५ मध्ये अशाच वाढवलेल्या पेशी, त्यांना एलएके म्हणायचे, २५ पेशंटना दिल्या आणि ११ जणांच्या गाठी लहान झाल्या, तेव्हा जगभर खळबळ उडालेली. पण त्या पेशींबरोबर इंटरल्यूकिन इतकं द्यावं लागायचं की माणसं सुजून आयसीयूत जायची. पुढे १९९१ मध्ये सीआयकेची पद्धत निघाली, जी सौम्य होती, आणि ती सगळ्यात जास्त उचलली चीनने. केमो अधिक सीआयके, पोटाच्या कॅन्सरला, यावरचे बहुतेक अभ्यास तिथलेच आहेत आणि वरवर बघितलं तर बरेचसे अभ्यास म्हणतात, फायदा होतो.

इथे माझी ऑडिटची नजर अडकली. यातले कितीतरी अभ्यास जुन्या फायली उघडून केलेले आहेत, ज्यांनी पेशी घेतल्या ते एका बाजूला आणि ज्यांनी नाही घेतल्या ते दुसऱ्या. पण पेशी घेतल्या कोणी? ज्यांच्याकडे पैसा होता, जे दवाखान्याच्या खेपा करण्याइतके धडधाकट होते, आणि पेशी तयार होईपर्यंत जे जिवंत राहिले त्यांनी. ही माणसं पेशींऐवजी नुसतं सलाईन दिलं असतं तरी दुसऱ्यांपेक्षा जास्तच जगली असती. चिठ्ठ्या टाकून केलेला नीट अभ्यास यासाठीच लागतो आणि असा मोठा अभ्यास सीआयकेच्या बाबतीत आहे तो कोरियाचा, लिव्हरच्या कॅन्सरवर, तोही गाठ पूर्ण काढून किंवा जाळून टाकल्यानंतर. २३० पेशंट, आजार परत यायला ३० ऐवजी ४४ महिने लागले. चांगलाच निकाल आहे, पण स्टेज फोरच्या पोटाला तो लावणं म्हणजे पुण्याचं तिकीट दाखवून नागपूरला उतरणं, हे मामांचं वाक्य, माझं नाही.

चीनमध्ये या सगळ्याचं पुढे काय झालं तेही वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. वेई झेशी नावाचा मुलगा, शीआनच्या युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर शिकणारा, सायनोव्हियल सार्कोमा हा दुर्मिळ कॅन्सर झालेला. आईवडलांनी इंटरनेटवर शोधलं, सर्च इंजिनच्या जाहिरातीत बीजिंगमधल्या सशस्त्र पोलीस दलाच्या एका हॉस्पिटलचं नाव वर आलं, तिथे या सीआयकेचीच एक तऱ्हा मिळायची. उसनंपासनं करून दोन लाख युआनच्या वर खर्च झाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये तो गेला, २१ वर्षांचा. जायच्या आधी त्याने हे सगळं लिहून ठेवलेलं, ते देशभर वाचलं गेलं, आणि मे महिन्यात सरकारने असल्या पेशी पैसे घेऊन द्यायला बंदी केली, फक्त संशोधन करा म्हणून सांगितलं. मी हे दादाला पाठवलं. त्याने निळ्या टिका येऊ दिल्या, उत्तर दिलं नाही.

आता मी इथेच थांबले असते तर ‘पेशी म्हणजे फसवणूक, केमो म्हणजे खरं’ असं उलटं करून बसले असते. पण वाचताना एक गोष्ट अशी सापडली की ती मला मामांना लगेच फोन करून सांगावीशी वाटली.

रोझेनबर्गच्याच टीमने २००२ मध्ये एक अभ्यास छापला. त्वचेच्या मेलानोमा कॅन्सरचे १३ पेशंट. त्यांच्या गाठीतूनच काढलेल्या पेशी वाढवून परत द्यायच्या, हे तर ते आधीपासून करतच होते आणि बऱ्याचदा त्या पेशी आत गेल्या की काही दिवसांत गायब व्हायच्या. या वेळी त्यांनी पेशी द्यायच्या आधी सायक्लोफॉस्फमाइड आणि फ्लुडाराबिन ही केमो दिली. कॅन्सर मारायला म्हणून नाही, तर पेशंटच्या अंगातल्या आधीच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ साफ करायला. मग नव्या सोडल्या. १३ पैकी सहा जणांच्या गाठी चांगल्या आकसल्या, आणि काहींच्या रक्तात त्या पेशी महिनोन् महिने टिकून राहिल्या, वाढल्या.

का, तर शरीरात या पेशींना जगायला लागणारं खाद्य, इंटरल्यूकिन-सेव्हन आणि फिफ्टीन, मोजकंच असतं. आधीच्या पेशी ते फस्त करत बसलेल्या असतात आणि त्यांच्यात काही तर अशा, टी-रेग म्हणतात त्यांना, की ज्यांचं कामच बाकीच्यांना गप्प बसवणं. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, इतका साधा हिशोब आहे, आणि उठवायचं काम केमो करते. आम्ही जिला विष विष म्हणतो तिने वाट करून दिल्याशिवाय आमच्या त्या लाडक्या पेशींना पानावर जागाच नाही!

याची दुसरीही बाजू आहे. काही केमो, त्यात मामांचं ऑक्सॅलिप्लॅटिन धरून, कॅन्सरच्या पेशीला अशा रीतीने मारतात की ती मरताना धोक्याच्या खुणा बाहेर टाकते आणि प्रतिकारशक्तीला तिचा पत्ता लागतो. उंदरांवर हे नीट दाखवलेलं आहे, माणसात ते किती कामाला येतं यावर अजून वाद आहे. आणि उलटंही खरंच आहे, केमो चालू असताना पांढऱ्या पेशी पडतात, बऱ्याच केमो झालेल्या माणसाच्या रक्तातून काढलेल्या पेशी थकलेल्या असतात, नीट वाढत नाहीत. म्हणजे कुठली केमो, किती आणि पेशींच्या किती दिवस आधी, यावरच सगळा खेळ. ‘केमोसोबत घ्या’ असं दोन शब्दांत सांगणाऱ्या पत्रकात यातलं अक्षर नव्हतं.

पोटाच्या कॅन्सरात हे सगळं एकत्र आलं ते २०२५ मध्ये, पुन्हा चीनमध्येच. पेकिंग युनिव्हर्सिटी कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टर शेन लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅट्री-सेल नावाच्या कार-टी पेशींचा अभ्यास लॅन्सेटमध्ये छापला. कार-टीत पेशी नुसत्या वाढवत नाहीत, त्यांच्यात एक जीन घालतात, त्यामुळे त्या एकाच निशाण्यावर जातात. निशाणा क्लॉडिन १८.२. हे प्रोटीन पोटाच्या अस्तरात पेशी एकमेकींना घट्ट चिकटतात त्या सांध्यात लपलेलं असतं, कॅन्सर झाला की ती बांधणी विस्कटते आणि ते उघड्यावर येतं. पेशी द्यायच्या आधी केमो, रोझेनबर्गच्या टीमने दिलेली तीच दोन औषधं आणि जोडीला नॅब-पॅक्लिटॅक्सेल, जे स्वतः पोटाच्या कॅन्सरवर चालतं. पेशंट १५६, आधीच्या किमान दोन केमो हरलेले. १०४ जणांना पेशी ठरल्या, ५२ जणांना नेहमीची औषधं, चिठ्ठ्या टाकून. आजार परत वाढेपर्यंत ३.२५ महिने विरुद्ध १.७७. जगण्याचे ७.९२ विरुद्ध ५.४९, आणि हा दुसरा फरक थोडा धूसर, कारण दुसऱ्या गटातल्या काहींनाही नंतर त्या पेशी दिल्या गेल्या. घन गाठीच्या कॅन्सरात कार-टीचा असा चिठ्ठ्या टाकून झालेला हा जगातला पहिलाच अभ्यास.

साइड इफेक्ट शून्य? ज्यांना पेशी दिल्या त्यांच्यातल्या ९९ टक्क्यांना गंभीर त्रास नोंदला गेला, बहुतेक काउंट पडण्याचा, म्हणजे त्या आधीच्या केमोचाच. आणि ९५ टक्क्यांना ताप, बीपी उतरणं वगैरे, पेशी कामाला लागल्या की उठणारं वादळ, बहुतेकांचं सौम्य. तुमच्याच पेशी असल्या तरी गुण्यागोविंदाने काही होत नाही.

मला मात्र सगळ्यात बोलका वाटला तो वेगळाच आकडा, लोक सहसा जिथे थांबत नाहीत तो. १०४ जणांना पेशी ठरल्या, प्रत्यक्षात मिळाल्या ८८ जणांना. बाकीचे सोळा मधल्या मधे गळले. रक्त काढून पेशी तयार होऊन यायला आठवडे लागतात आणि स्टेज फोरचं पोट कोणासाठी थांबत नाही. चांगली गोष्ट ही की त्या डॉक्टरांनी हे सोळा हिशोबातून काढून टाकले नाहीत, १०४ मध्येच धरून आकडे दिले. आमच्या धंद्यात याला सचोटी म्हणतात. सेंटरच्या व्हिडिओत असे सोळा नव्हतेच, सोफ्यावर बसायला आलेले तेवढे दिसले.

दादाचं म्हणणं होतं की मग मुंबईतच जाऊ, आयआयटीवाल्यांनी काढलंय ना ते, राष्ट्रपती आलेल्या. आलेल्या, एप्रिल २०२४ मध्ये पवईला, आणि नेक्सकार १९ ही आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलची कार-टी खरोखर अभिमानाची गोष्ट आहे, परदेशात याला कोट्यवधी रुपये लागतात. पण ती रक्ताच्या ठरावीक कॅन्सरसाठी, बी नावाच्या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी-१९ या खुणेवर नेम धरणारी. बी पेशी सगळ्या मेल्या तरी माणूस औषधांवर जगू शकतो. पोट, आतडी, यकृत यांच्याबाबत तसं म्हणता येत नाही, म्हणून नेम धरायला जागा सापडायलाच इतकी वर्षं गेली. दादाला हे पटलं की नाही माहीत नाही, पण टाटाला फोन करायचं त्याने थांबवलं.

मग एका रविवारी कराडला गेले आणि मामांना हे सगळं सांगितलं, मामी शेंगा सोलत ऐकत होत्या. मला वाटलेलं आकडे ऐकून ते खचतील. ते म्हणाले, “पोरी, हे पावणेआठ-आठ महिने कुठनं मोजत्यात? तिकीट कुठल्या स्टॉपपासनं फाडलंय?” इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. म्हटलं मामा, दोन केमो हरल्यानंतर, चिठ्ठी निघाली त्या दिवसापासून. आणि ते चौदा महिने पहिल्या केमोच्या सुरुवातीपासून. “मग दोन्ही शेजारी ठेवू नकोस,” म्हणाले, “आणि आमचा तर अजून पहिलाच टप्पा चाललाय.”

दादा तिथेच होता. मामा त्याच्याकडे वळून म्हणाले, रान विकायचं नाही. तो म्हणाला, अहो पण उद्या ही केमो चालायची बंद झाली तर? त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी डॉक्टर बाईंना क्लॉडिन १८.२ ची टेस्ट विचारू, त्या निशाण्यावरचं एक इंजेक्शनही आहे, झोलबेटक्सिमॅब, ते केमोसोबतच देतात आणि त्यात पेशी वाढवत बसावं लागत नाही. ते परवडणार की नाही, मिळणार की नाही, हा पुढचा प्रश्न, आधी गाठीत ते आहे का ते तर कळू दे, दहातल्या साधारण चार जणांच्यात असतं.

टेस्टसाठी जुन्या बायोप्सीचा ब्लॉक लागतो. मेणात घातलेला नखाएवढा मांसाचा तुकडा, प्लास्टिकच्या चौकटीत, त्यावर पेन्सिलने लिहिलेला नंबर. ज्या लॅबने तो ठेवलेला ती म्हणे मूळ पावती आणि पेशंटच्या सहीचा अर्ज आणा. पावती मामांनीच काढून दिली, कोटाच्या खिशात सगळ्या तारखेप्रमाणे लावलेल्या, वर रबरबँड. सही करताना पेन धातूचं होतं, पंख्याखाली गार पडलेलं, ते त्यांनी खाली ठेवलं आणि मामींकडे प्लास्टिकचं मागितलं. दादा ब्लॉक आणायला सोमवारी सांगलीला गेला.